व्याघ्र प्रकल्पात वन्यप्राणी मोजण्याचं काम: नव्या जीवशास्त्रज्ञासाठी सविस्तर मार्गदर्शन

राजस्थानातल्या सरिस्का व्याघ्र प्रकल्पात एकही वाघ उरलेला नाही, हे २००४-०५ मध्ये उघड झालं. सरकारी गणनेत मात्र तिथे वाघ होते, अगदी आदल्या वर्षापर्यंत होते. शिकाऱ्यांनी जंगल रिकामं केलं आणि कागदाला त्याचा पत्ता लागला नाही. त्यानंतर पंतप्रधानांनी व्याघ्र कृती दल नेमलं, २००६ मध्ये वन्यजीव कायद्यात दुरुस्ती होऊन राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण उभं राहिलं आणि पाऊलखुणांवरून वाघ मोजण्याची जुनी रीत मागे पडली.

त्या रीतीत वनरक्षक ठशावर काच ठेवून तो गिरवायचे, प्लास्टर ओतून साचा घ्यायचे आणि आकारावरून हा अमुक वाघ असं ठरवायचे. माती ओली आहे की भुसभुशीत, वाघ रमत चालला होता की घाईत, यावर एकाच वाघाचे ठसे वेगळे उमटतात. पण खरी उणीव याहून मोठी होती. ज्या वाघाचा ठसा सापडलाच नाही, त्याचं काय करायचं याला त्या रीतीत उत्तर नव्हतं. दिसलेले प्राणी कुणीही मोजेल. न दिसलेले किती असावेत हे सांगता यावं म्हणून आज व्याघ्र प्रकल्पात जीवशास्त्रज्ञाचं पद असतं. या पदावर रुजू होणाऱ्याने किंवा होऊ पाहणाऱ्याने काय करायचं, कोणत्या क्रमाने करायचं, हे इथे लिहितो आहे. उदाहरणं महाराष्ट्रातली आहेत. पद्धत देशभर हीच आहे.

या कामात यायचं कसं

वनरक्षक भरती, राज्याच्या वनसेवा परीक्षेतून वनपरिक्षेत्र अधिकारी किंवा सहायक वनसंरक्षक, केंद्रातून भारतीय वनसेवा, असे नियमित नोकरीचे तीन रस्ते आहेत. या पदांवर मोजणी हा कामाचा एक भाग असतो. बाकी वेळ संरक्षण, रोपवन, मानव-वन्यजीव संघर्ष आणि कार्यालय खातं. फक्त मोजणी आणि विश्लेषण करायचं असेल तर व्याघ्र प्रकल्पातलं जीवशास्त्रज्ञाचं पद पाहावं. ते बहुधा प्रकल्पाच्या व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठानामार्फत करारावर भरलं जातं. दुसरा दरवाजा डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेचा. देशव्यापी व्याघ्र गणनेसाठी तिथे संशोधन सहायक लागतात, आणि तिथे काम केलेल्या माणसाला प्रकल्पांत मान मिळतो.

शिक्षण म्हणून प्राणीशास्त्र, पर्यावरणशास्त्र, वनशास्त्र किंवा वन्यजीवशास्त्रातली पदव्युत्तर पदवी लागते. डेहराडूनची संस्था आणि बंगळुरूचं राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र इथले वन्यजीव विषयातले अभ्यासक्रम या कामाची सर्वांत नेमकी तयारी करून घेतात. तिथे प्रवेश मिळाला नाही तर खचू नका. प्राणीशास्त्राच्या पदवीवर संख्याशास्त्र, आर ही संगणकभाषा आणि नकाशासाठी क्यूजीआयएस एवढं घरी बसून पक्कं केलेला उमेदवार मुलाखतीत मागे पडत नाही. पक्षी ओळखण्याची आवड चांगलीच, पण या पदावर रोज लागते ती आकडेमोड.

कराराची नोकरी आहे, मुदत नूतनीकरणावर अवलंबून असते, पगार पदाच्या जबाबदारीच्या मानाने कमी असतो. हे माहीत असूनच यावं.

आधी प्रश्न लिहून काढा

रुजू झाल्यावर पहिला मोह होतो कॅमेरे घेऊन जंगलात धावण्याचा. त्याआधी एका कागदावर तीन गोष्टी लिहा: कोणता प्राणी, कोणतं क्षेत्र आणि काय कळायला हवं. ‘काय कळायला हवं’ याची उत्तरं तीन प्रकारची असतात. प्राणी त्या भागात आहे की नाही; किती आहे; आणि गेल्या वर्षापेक्षा वाढला की घटला. तिन्हींना लागणारी मेहनत वेगळी.

वाघ आणि बिबट्या यांच्या अंगावरची नक्षी प्रत्येकाची वेगळी असते, म्हणून त्यांची संख्या काढता येते. तरसाच्या पट्ट्यांवरूनही ओळख पटते. रानकुत्र्याला तशी नक्षी नाही. शंभर फोटो मिळाले तरी ते पाच कुत्र्यांचे की पन्नास, हे फोटोवरून ठरत नाही. तिथे ‘किती’ हा प्रश्न सोडून ‘किती भागात वावर आहे’ हा प्रश्न धरावा लागतो. चितळ, सांबर, गवा, नीलगाय, रानडुक्कर यांच्यासाठी ट्रान्झेक्ट, म्हणजे आखलेल्या सरळ रेषेवर चालत दिसलेले प्राणी मोजणं. खवले मांजरासारख्या क्वचित दिसणाऱ्या प्राण्याची बहुतेक प्रकल्पांत फक्त उपस्थितीच नोंदवता येते आणि तेवढंच लिहावं.

गणनेची चौकट

देशव्यापी व्याघ्र गणना २००६ पासून दर चार वर्षांनी होते. पहिल्या टप्प्यात वनरक्षक बीटनिहाय, म्हणजे प्रत्येकाला नेमून दिलेल्या जंगलाच्या तुकड्यात, पायी सर्वेक्षण करतात. दुसऱ्या टप्प्यात उपग्रहाच्या चित्रांवरून जंगलाचं आच्छादन, पाणी, रस्ते, वस्त्या यांची माहिती डेहराडूनला तयार होते. तिसऱ्या टप्प्यात कॅमेरा ट्रॅप, म्हणजे प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे, लागतात. चौथा टप्पा म्हणजे व्याघ्र प्रकल्पांनी दरवर्षी स्वतः करायचं संनियंत्रण. तुमच्या नोकरीचा मोठा भाग या चौथ्या टप्प्यात जाईल, आणि दर चौथ्या वर्षी बाकीचेही अंगावर येतील.

या यंत्रणेचा आवाका केवढा आहे हे कळण्यासाठी २०२२ च्या गणनेचे आकडे पाहा. पायी सर्वेक्षण ६,४१,४४९ किलोमीटर, कॅमेऱ्यांची ठिकाणं ३२,५८८, फोटो ४,७०,८१,८८१. त्यातले वाघांचे ९७,३९९. त्यांतून वेगवेगळे वाघ ओळखले गेले ३,०८०. हे लाखो किलोमीटर चालले ते वनरक्षक आणि वनमजूर. तुमचं विश्लेषण कितीही उत्तम असलं तरी ते त्यांच्या पायांवर उभं आहे.

बीटवरचं सर्वेक्षण आणि शून्याची किंमत

पहिल्या टप्प्यात प्रत्येक बीटमध्ये मांसभक्षकांच्या खुणा शोधत ठरलेलं अंतर चालायचं असतं: ठसे, विष्ठा, जमिनीवरचे ओरखडे, झाडावरचे नखांचे ओरबाडे, शिकार. नोंद एम-स्ट्राइप्स या मोबाइल ॲपमध्ये होते, चाललेली वाट जीपीएसवर आपोआप उमटते.

याचं प्रशिक्षण द्याल तेव्हा एक गोष्ट सर्वांत जास्त वेळ देऊन समजावा: काही दिसलं नाही तर ‘काही दिसलं नाही’ हीच नोंद करायची. पाच किलोमीटर चालून एकही खूण मिळाली नाही, तर ते वाया गेलेलं चालणं नाही. वावर किती भागात आहे हे काढताना ही शून्यंच तर हिशेबात धरतात. एकाच भागात ठरावीक वेळा फिरून कधी खूण मिळाली, कधी नाही, यावरून ‘असूनही न सापडण्याची’ शक्यता काढता येते आणि मग जिथे काहीच मिळालं नाही तिथल्या शून्याचा खरा अर्थ लावता येतो. पण वनरक्षकाला वाटतं, माझ्या बीटमध्ये वाघ नाही असं लिहिलं तर साहेब काय म्हणतील. ही भीती काढणं तुमचं काम आहे, आणि ते तुमच्याने एकट्याने होणार नाही. क्षेत्रसंचालक किंवा उपसंचालकांनी प्रशिक्षणाच्या सुरुवातीला सर्वांसमोर स्पष्ट सांगावं की शून्याबद्दल कुणालाही जाब विचारला जाणार नाही. ते सांगतील याची आधी खात्री करून घ्या. सरिस्कात आकडा खाली आणायला कुणी तयार नव्हतं, हे त्यांना आठवण करून द्यायला हरकत नाही.

प्रशिक्षण सभागृहात एक तास, नाल्यात आणि पायवाटेवर दोन दिवस, असं ठेवा. ठसा बिबट्याचा की वाघाच्या बछड्याचा, विष्ठा रानकुत्र्याची की बिबट्याची, हे पडद्यावरच्या चित्रावरून शिकता येत नाही. तिथल्या वनमजुरांना बोलतं करा. खुणा वाचण्यात ते तुमचे गुरू आहेत आणि त्यांना तसं वागवा.

जिवाची काळजी

नोव्हेंबर २०२१ मध्ये ताडोबात याच गणनेसाठी पायी सर्वेक्षण करणाऱ्या एका महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. वाटेत पुढे वाघीण बसलेली होती. पथक बराच वेळ थांबलं, मग तिला टाळून झाडीतून पुढे निघालं, आणि हल्ला झाला. सर्वेक्षण पूर्ण करायचंच या कर्तव्यभावनेतून ते पुढे गेले असणार.

म्हणून तुमच्या पथकासाठी हा नियम लेखी काढून घ्या: वाघ, अस्वल, गवा समोर दिसला तर त्या दिवशीचं सर्वेक्षण तिथेच संपलं. वळसा घालायचा नाही, वाट पाहायची नाही, आल्या वाटेने परत यायचं. त्या बीटचं चालणं दुसऱ्या दिवशी होईल, नाही झालं तर एका बीटची नोंद गळेल. त्या तुटीची सोय गणितात करता येते. कॅमेरा बांधताना माणूस वाकतो किंवा बसतो, आणि बसलेला माणूस वन्यप्राण्याला माणूस वाटत नाही. एक जण बांधेल तर बाकीचे दोघे-तिघे पाठीला पाठ लावून उभे राहून चारी बाजूंना नजर ठेवतील. मोबाइलला रेंज नसलेल्या भागात वायरलेस संच सोबत हवाच, आणि संरक्षण कुटीवर परतीची वेळ सांगून निघायचं.

ट्रान्झेक्ट: चितळ मोजताना

वाघाच्या संख्येचा पाया त्याच्या भक्ष्यात असतो. एक वाघ वर्षाला साधारण पन्नास तृणभक्षी मारतो. हे नुकसान सोसून टिकायला त्याच्यामागे जंगलात पाचशेच्या आसपास भक्ष्यप्राणी असावे लागतात. तरीही बहुतेक ठिकाणी लोकांचं सगळं लक्ष कॅमेऱ्यांकडे असतं आणि ट्रान्झेक्ट उरकून टाकले जातात. माझ्या मते हा प्राधान्यक्रम उलटा आहे. वाघ कमी होण्याच्या बातमीआधी चितळ कमी झाल्याची खूण ट्रान्झेक्टवर दिसते, आणि तेव्हा काही करायला वेळ असतो.

बीटमध्ये साधारण दोन किलोमीटरची सरळ रेषा आखतात. ती रस्त्याला किंवा पाणवठ्याला धरून आखू नका. रस्त्याकाठी आणि पाण्याकाठी प्राण्यांची दाटी वेगळी असते, आणि मग सगळ्या जंगलाचा अंदाज त्या दाटीवरून निघतो. रेषेवर फांद्या एवढ्याच छाटायच्या की आवाज न करता चालता येईल. वेगवेगळ्या दिवशी सकाळी, उजाडल्यावर लगेच, किमान तीनदा ती चालायची. दोघं किंवा तिघं, शांतपणे, रमतगमत नव्हे पण सावकाश.

प्राणी दिसला की थांबून चार नोंदी घ्यायच्या: कोणता प्राणी, कळपात किती, रेंज फाइंडरने अंतर आणि कंपासने कोन. अंतर कळपाच्या मध्यापर्यंतचं घ्यायचं, आणि तुम्हाला पाहून तो हलायच्या आत होता त्या जागेचं. चितळ साठ मीटरवर दिसलं आणि रेषेशी त्याचा कोन तीस अंश असेल, तर रेषेपासून त्याचं लंबांतर तीस मीटर. हेच लंबांतर पुढे सगळ्या गणिताचा आधार आहे. अंदाजाने अंतर लिहिण्याची सवय कुणाला लागू देऊ नका. अंदाजाने लिहिलेली अंतरं नेहमी वीस, तीस, पन्नास अशी गोल येतात, आणि आलेखावर ती उंच खांबांसारखी दिसतात.

गणितामागचा विचार सोपा आहे. रेषेवरच असलेला प्राणी दिसतोच असं धरायचं. जसजसं लांब जाऊ तसे कमी दिसतात. किती लांबवर किती कमी दिसले यावरून, प्रत्यक्षात तुम्ही किती रुंदीचा पट्टा पूर्ण पाहिलात, ते काढता येतं. समजा सर्व ट्रान्झेक्ट मिळून १२० किलोमीटर चालणं झालं, चितळांचे ६० कळप दिसले आणि परिणामकारक पट्टा रेषेच्या दोन्ही बाजूंना ५० मीटर निघाला. म्हणजे पाहिलेलं क्षेत्र १२ चौरस किलोमीटर. दर चौरस किलोमीटरला ५ कळप. कळपात सरासरी ४ चितळं, तर घनता २०. साग-बांबूच्या दाट रानात हा पट्टा अरुंद निघेल, मोकळ्या कुरणात रुंद. म्हणूनच दाट रानात दहा चितळं दिसली आणि कुरणात तीस, एवढ्यावरून कुरणात तिप्पट आहेत असं म्हणता येत नाही.

एका प्रजातीच्या साठ ते ऐंशी नोंदी मिळाल्या तर हा हिशेब भरवशाचा होतो. भेकर किंवा चौसिंग्यासारख्या प्राण्यांच्या तेवढ्या नोंदी एका वर्षात मिळत नाहीत. दोन-तीन वर्षांच्या एकत्र करून पट्टा काढावा. दरवर्षीचं काम त्याच ऋतूत करणं इथे फार महत्त्वाचं आहे. सागाची पानगळ झाली की नजर दुप्पट लांब जाते.

कॅमेरा ट्रॅप

नकाशावर दोन चौरस किलोमीटरचे चौकोन आखतात, म्हणजे सुमारे १.४ किलोमीटर बाजूचे. प्रत्येक चौकोनात कॅमेऱ्यांची एक जोडी. चौकोनात नेमकी कुठे, हे खुणा पाहून ठरवायचं: दोन जंगलवाटा मिळतात ती जागा, वाट नाला ओलांडते ती जागा, रेतीचा नाला. मेळघाटासारख्या डोंगराळ भागात वाघ धारेवरून आणि दरीच्या तोंडातून फिरतो. ताडोबासारख्या सपाट रानात कच्चे रस्ते त्याला आवडतात. जागा निवडायला आठवडा गेला तरी जाऊ द्या. कॅमेऱ्याच्या दर्जापेक्षा जागेचा दर्जा जास्त फरक पाडतो.

जोडी लागते कारण वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टे वेगळे असतात. एकच कूस मिळाली तर डाव्या कुशीचा एक वाघ आणि उजव्या कुशीचा दुसरा वाघ, हे एकच की दोन, ते सुटत नाही. कॅमेरे वाटेच्या दोन बाजूंना, वाटेच्या मध्यापासून साडेतीन-चार मीटरवर आणि गुडघ्याच्या उंचीवर बांधतात. दोन्ही अगदी समोरासमोर नकोत, थोडे सरकवलेले हवेत. नाहीतर एकाचा फ्लॅश दुसऱ्याच्या फोटोत भगभगीत पांढरा डाग पाडतो. तोंड थेट पूर्वेला किंवा पश्चिमेला असेल तर उगवता-मावळता सूर्य कॅमेऱ्याला फसवतो. समोरचं गवत आणि लोंबती फांदी काढून टाका, नाहीतर कार्ड उघडल्यावर वाऱ्यावर हलणाऱ्या गवताचे हजारो फोटो मिळतील.

बांधल्यावर एकाने वाटेवरून ओणवं चालत जाऊन दोन्ही कॅमेरे टिपतात का ते पाहावं. मग पाटीवर चौकोनाचा क्रमांक, कॅमेऱ्याचा क्रमांक, तारीख आणि वेळ लिहून ती दोन्ही कॅमेऱ्यांसमोर धरावी. काढतानाही हेच करावं. दोन कॅमेऱ्यांची घड्याळं एकमेकांशी जुळलेली हवीत. बॅटरी बदलताना काही कॅमेऱ्यांच्या घड्याळातलं वर्ष मूळ सेटिंगवर परत जातं, आणि पाटीचा फोटो असेल तरच ते नंतर दुरुस्त करता येतं.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी पहिली तपासणी, पुढे आठवड्याला. कॅमेरे किमान पंचवीस दिवस सलग चालावेत. एका गटात फार दिवसही ठेवू नका, कारण गणित असं धरून चालतं की या काळात वाघ जन्मले-मेले नाहीत आणि कायमचे आले-गेले नाहीत. दोन महिन्यांच्या आत एक गट आटोपावा. कॅमेरे कमी असतील तर क्षेत्राचे गट पाडून एकामागून एक करा. मधले चौकोन गाळून कॅमेरे पातळ पसरवू नका. एखाद्या वाघिणीचा पूर्ण वावर ज्यात मावेल एवढी मोकळी जागा जाळ्यात राहिली, तर ती वाघीण फोटोत येण्याची शक्यताच शून्य होते, आणि अशा शून्याला कुठलंही गणित भरून काढत नाही.

प्रत्येक जोडी कोणत्या दिवशी चालू होती आणि कोणत्या दिवशी बंद, याचा तक्ता रोज भरा. चोरीला गेली, बॅटरी संपली, अस्वलाने वाकवली, सगळं. बंद कॅमेऱ्यात वाघ आला नाही, हा वाघ नसल्याचा पुरावा नव्हे, पण तक्ता नसेल तर संगणक तसंच समजतो. फोटो त्याच संध्याकाळी दोन वेगळ्या डिस्कवर उतरवायचे आणि मगच कार्ड पुसायचं.

फोटोतून वाघ ओळखणं

फोटोंतून प्रजाती वेगळ्या करायला आता संगणक मदत करतो. व्याघ्र गणनेत त्यासाठी कॅट्रॅट नावाची प्रणाली वापरतात. पट्टे जुळवायला एक्स्ट्रॅक्टकम्पेअर आहे. ते वाघाच्या अंगाचा त्रिमितीय साचा बसवून पट्ट्यांचा नमुना काढतं आणि जुळण्याजोगे फोटो समोर ठेवतं. शेवटचा निर्णय माणसाने डोळ्यांनी करायचा. दोन जणांनी एकमेकांना न सांगता ओळख लावावी आणि मग ताडून पाहावं. मतभेद झाला आणि मिटला नाही, तर तो फोटो ओळखीतून बाद. अंधूक फोटोवरून नवा वाघ काढणं ही सर्वांत महागात पडणारी घाई आहे, कारण एकच वाघ दोन नावांनी नोंदला गेला की संख्या वाढते आणि पुन्हा सापडण्याचं प्रमाण घटतं. दोन्ही बाजूंनी आकडा फुगतो.

पर्यटकांनी आणि गाइडांनी वाघांना प्रेमाने नावं दिलेली असतात. नोंदवहीत मात्र कायमचा संकेतांक वापरा, आणि वाघ मेला तरी तो दुसऱ्याला देऊ नका. वर्षाच्या आतले बछडे वेगळे नोंदवा. गणनेच्या आकड्यात ते धरत नाहीत.

आकडा काढणं

मूळ कल्पना अशी. पहिल्या फेरीत दहा वाघ ओळखले. दुसऱ्या फेरीत बारा मिळाले, त्यातले आठ आधीचेच. म्हणजे जंगलातल्या वाघांपैकी सुमारे दोन तृतीयांश पहिल्या फेरीतच तुमच्या नजरेत आले होते असं दिसतं, तर एकूण वाघ बाराला आठने भागून दहाने गुणल्यावर पंधरा. पट्ट्यांवरून वाघ ओळखून हे तंत्र भारतात पहिल्यांदा वन्यजीवशास्त्रज्ञ उल्हास कारंथ यांनी कर्नाटकातल्या नागरहोळेत वापरलं आणि १९९५ मध्ये प्रसिद्ध केलं.

यात एक अडचण उरते: हे पंधरा वाघ किती क्षेत्रातले? जाळ्याच्या कडेचे वाघ अर्धे आत, अर्धे बाहेर फिरतात. आजचं गणित प्रत्येक वाघाच्या वावराचं एक केंद्र मानतं, आणि कॅमेरा त्या केंद्रापासून जितका दूर तितकी त्यात सापडण्याची शक्यता कमी असं धरतं. कुठला वाघ कोणकोणत्या कॅमेऱ्यात आला यावरून ती घसरण काढतात आणि थेट दर शंभर चौरस किलोमीटरला किती वाघ ही घनता मिळते. आरमध्ये यासाठी तयार साधनं आहेत. ती वापरण्याआधी वर सांगितलेला पंधराचा हिशेब स्वतः कागदावर करून पाहा. जो हे मनाशी मांडू शकत नाही, त्याला संगणकाने दिलेलं चुकीचं उत्तर चुकीचं आहे हे कळत नाही.

उत्तर एका आकड्यात येत नाही, पल्ल्यात येतं. २०१८ मध्ये देशात २,९६७ वाघ असं आपण म्हणतो. गणनेने दिलेला पल्ला २,६०३ ते ३,३४६ असा आहे. अहवालात दोन्ही लिहा. वरिष्ठ पल्ला गाळायला सांगतील, तेव्हा नम्रपणे पण ठामपणे तो ठेवा. पुढच्या वर्षी तुमच्या प्रकल्पातला आकडा ४८ वरून ४५ झाला आणि दोन्हींचे पल्ले एकमेकांत मिसळलेले असतील, तर वाघ घटले असं म्हणता येत नाही. हा पल्लाच तेव्हा तुमच्या आणि वनरक्षकांच्या बाजूने उभा राहील.

वर्षांची तुलना करताना क्षेत्र आणि मेहनत सारखी होती का ते आधी तपासा. २००६ मध्ये १,४११, २०१८ मध्ये २,९६७, यात खरी वाढ आहेच; पण मधल्या काळात कॅमेरे वाढले, सर्वेक्षणाचं क्षेत्रही वाढलं. महाराष्ट्राचा आकडा २००६ मध्ये १०३ आणि २०२२ मध्ये ४४४, तोही याच दृष्टीने वाचावा. जिथे कॅमेरे लागत नाहीत तिथला अंदाज खुणा, भक्ष्य आणि अधिवासाच्या माहितीवरून बांधतात. या भागावर २०१५ मध्ये शास्त्रज्ञांनी जाहीर आक्षेप घेतले होते. ते वाचा, त्यांची उत्तरंही वाचा. तुमच्या प्रकल्पाच्या अहवालात कॅमेऱ्याने मोजलेलं क्षेत्र आणि अंदाजाने काढलेलं क्षेत्र वेगवेगळ्या रंगांनी दाखवलं तर निम्मे वाद उद्भवतच नाहीत.

पाणवठ्यावरची गणना आणि वर्तमानपत्र

बुद्ध पौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्यावरचे प्राणी मोजण्याची महाराष्ट्रात जुनी प्रथा आहे. वनविभाग आता तिला निसर्गानुभव म्हणतो. लोकांना जंगलाशी जोडायला हा उत्तम कार्यक्रम आहे आणि तो चालू राहावा. पण एकच अस्वल दोन पाणवठ्यांवर दोनदा मोजलं जातं, आणि आदल्या दिवशी पाऊस पडला तर प्राणी पाणवठ्यावर येतच नाहीत. दुसऱ्या दिवशी बातमीदार ‘यंदा बिबटे वाढले का’ असं विचारतील. या नोंदींवरून वाढ-घट सांगता येत नाही, एवढंच एक वाक्य सर्वांनी सांगायचं, असं उपसंचालकांकडून आधीच ठरवून घ्या.

कॅमेऱ्यांची ठिकाणं, वाघिणीची पिल्लं कुठे आहेत, कोणत्या नाल्यात कोणता वाघ रोज येतो, हे कुणालाही देऊ नका. पत्रकाराला नाही, ओळखीच्या छायाचित्रकाराला नाही, समाजमाध्यमावर तर मुळीच नाही. फोटो पाठवताना त्यातली जीपीएस माहिती काढली आहे का ते पाहा. शिकारी हीच माहिती शोधत असतात. अधिकृत आकडा वरिष्ठांमार्फतच बाहेर जातो.

निकाल बीटपर्यंत परत न्या

अहवाल डेहराडूनला आणि नागपूरच्या वन मुख्यालयाला जातो. ज्यांनी चालून माहिती आणली त्यांच्यापर्यंत तो क्वचित पोहोचतो. प्रत्येक परिक्षेत्रासाठी मराठीत दोन पानं काढा: तुमच्या भागात कोणते प्राणी कुठे मिळाले, कुठे गुरांचा आणि माणसांचा वावर जास्त दिसला, गेल्या वर्षीपेक्षा काय बदललं, आणि गस्त कुठे वाढवावी. परिक्षेत्राच्या मासिक बैठकीत ती स्वतः वाचून दाखवा. बीटमधल्या वाघाचा फोटो वनरक्षकाला छापून द्या, ठिकाण न लिहिता. पुढच्या वर्षीच्या नोंदींचा दर्जा यावर फार अवलंबून असतो.

आणि करार कधीही संपू शकतो, म्हणून दर हंगामाच्या शेवटी सगळं हस्तांतराच्या तयारीत ठेवा: मूळ फोटो, कॅमेरा चालू-बंदचा तक्ता, ओळखीची नोंदवही, ट्रान्झेक्टच्या दोन्ही टोकांचे जीपीएस बिंदू, विश्लेषणाच्या आज्ञावल्या आणि कोणता निर्णय का घेतला याची टिपणं. एक प्रत प्रकल्प कार्यालयात, एक उपसंचालकांच्या ताब्यात, पावती घेऊन. स्वतःच्या लॅपटॉपवर ठेवलेली माहिती सरकारी माहिती समजू नका. नव्या माणसाला तुमच्याच रेषांवर, तुमच्याच चौकोनांत काम सुरू करता आलं तरच तुमची आणि त्याची वर्षं एकमेकांशी ताडून पाहता येतात.